जुन्या कोकणी घराचे छप्पर: लाकूड राखावे की लोखंड घालावे?

नमस्कार. तुमचे म्हणणे मला समजले ते असे. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दोन किलोमीटरवर, आजोबांनी १९५०च्या दशकात बांधलेले चिऱ्याचे घर आहे, साधारण हजार चौरस फुटांचे. वर मंगलोरी कौले, खाली ऐन-किंजळीचे वासे, फणसाच्या तुळया. माजघरात गळते आणि मागच्या पडवीत वाळवी दिसली आहे. ठेकेदार म्हणतो, सगळे लाकूड उतरवा, चौकोनी पाइपांचा सांगाडा करून वर रंगीत पत्रा टाकू, पंधरा दिवसांत मोकळे व्हाल. मुलगी म्हणते, लाकूड म्हणजे झाडतोड आलीच, लोखंड निदान वितळवून पुन्हा वापरता येते. भाऊ नेमके उलट सांगतो. खर्चाची बाजू तुम्ही बघताच आहात. पर्यावरणाला कमी घातक काय, एवढे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जुन्या घरांची दुरुस्ती करतो. या कामात सत्तावीस वर्षे झाली. पहिली सात-आठ वर्षे मीसुद्धा तुमच्या ठेकेदारासारखाच सल्ला देत होतो. आता देत नाही. त्याची कारणे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न आज कोकणातल्या गावागावांत पडतो आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा पाऊस तोंडावर आला असताना घाईने दिले जाते.

मुलगी आणि भाऊ दोघेही नव्या लाकडाची नव्या लोखंडाशी तुलना करत आहेत. नवे घर बांधणाऱ्याने ती जरूर करावी. तुमच्या घरात मात्र सत्तर वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडांचे लाकूड आज उभे आहे. त्या झाडांनी हवेतून ओढून घेतलेला कार्बन त्या वाशांत आणि तुळयांत तसाच बसला आहे. ते उतरवल्यावर काय होते हे मी वर्षानुवर्षे बघतो: अंगणात ढीग पडतो, चांगले चार तुकडे कोणीतरी मागून नेतो, बाकीचे पाणी तापवायच्या चुलीत जाते. दोन पावसाळ्यांत सत्तर वर्षांचा साठा धूर होऊन हवेत. म्हणजे ठेकेदाराच्या सल्ल्यात दोन भार आहेत, एक नव्या लोखंडाचा आणि दुसरा जुन्या लाकडाच्या धुराचा. हा दुसरा कोणी मोजतच नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: छपरातले किती लाकूड अजून कामाचे आहे, आणि जे गेले आहे त्याच्या जागी काय आणायचे? हे घर न बघता मी ठाम सांगू शकत नाही. किती लाकूड वाचते, नवे लाकूड कुठून मिळते, खारा वारा तुमच्या घरापर्यंत किती थेट येतो आणि पुढची वीस-तीस वर्षे घराकडे बघायला कोण असणार, या चार गोष्टींवर उत्तर फिरते. पण हिशेब कसा करायचा ते सांगता येईल.

तुमच्या घराचा उतार आणि वळचण धरून छपराचे क्षेत्र तेराशे चौरस फुटांच्या घरात जाईल. दोन-दोन फुटांवर चार बाय दोन इंचांचे वासे, फुटाफुटावर दोन बाय एकच्या रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या), शिवाय आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड) आणि तुळया धरल्या तर साधारण १०० घनफूट लाकूड होते, म्हणजे २.८ घनमीटर. कोरड्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो, आणि एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सागाच्या वजनाने हिशेब केला तरी तुमच्या छपरात तीन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड अडकलेला आहे. ऐन सागापेक्षा जड असतो, त्यामुळे तुमचा आकडा याहून थोडा वरच जाईल.

आता लोखंड. कौले ठेवून खाली लोखंडी सांगाडा केला तर रचनेप्रमाणे चौरस फुटाला दीड ते अडीच किलो लागते. मधला दोनचा आकडा धरू, म्हणजे २६०० किलो. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांच्या किंचित आत आहे. आपली जास्त, कारण आपल्या उद्योगाचा मोठा भाग कोळशावर आणि कोळशावरच तयार होणाऱ्या स्पंज आयर्नवर (खनिज न वितळवता केलेल्या कच्च्या लोखंडावर) चालतो. म्हणजे सांगाड्याचे साडेसहा टन झाले. पत्रा घातला तर सांगाडा हलका होतो, पण पत्र्याचे स्वतःचे पाचशेएक किलो वजन वाढते, त्यामुळे एकूण आकडा फारसा उतरत नाही. याउलट १०० घनफूट नवे लाकूड आणले तर चिरकाम, सुकवणे आणि वाहतूक मिळून किलोमागे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड धरला तरी एक टनाच्या आत भागते.

इथे भावाचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटेल, पण त्या एक टनात झाड कुठून आले ते धरलेलेच नाही. लाकडाच्या बाबतीत सगळे तिथेच ठरते. जंगलातले जुने झाड पडले की फक्त खोड जात नाही. मुळे, फांद्या आणि आजूबाजूचा पाला कुजतो किंवा जळतो, माती उघडी पडते, आणि गोल लाकडातून चिरून वापरण्याजोगे निम्म्याच्या आसपासच हाती येते. त्या जागी पुन्हा तेवढे झाड उभे राहायला चाळीस-साठ वर्षे जातात, आणि तेही जमीन तशीच राहिली तर. कोकणातल्या खासगी रानांत ती तशी राहत नाही. सरसकट तोड होते आणि पुढच्या वर्षी तिथे काजू किंवा रबर लागतो. अशा तोडीतून आलेले ऐन आणि किंजळ स्वस्त मिळते, म्हणून वखारीत पहिला प्रश्न किमतीचा नको, लाकूड कुठून आले याचा हवा. आपल्याकडे १९६४च्या झाडतोड नियमन कायद्याने साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, खैर अशी झाडे अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक पास लागतो. तो पास बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर ते लाकूड घेऊ नका, कितीही चांगले असले तरी.

सागाबद्दलही सांगायला हवे, कारण नवे वासे म्हटले की लोक साग मागतात. अजूनही गिऱ्हाईक ‘बर्मा’ मागते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. आज वखारीत दिसणारा आयात साग बराचसा आफ्रिकेतल्या आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या लागवडींचा असतो, वीस-पंचवीस वर्षांच्या झाडांचा. त्यात पांढरा भाग जास्त आणि गाभा कमी असतो. वाळवी आणि भुंगा त्या पांढऱ्या भागालाच आधी लागतो, त्यामुळे नुसते सागाचे नाव ऐकून घेऊ नये, टोक बघून घ्यावे. जहाजाच्या प्रवासाची मात्र लोक उगाच धास्ती घेतात. मालवाहू जहाजाचा हिशेब एका टनाला एका किलोमीटरमागे १० ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा आहे. १५,००० किलोमीटर धरले तरी टनाला १५० ते ३०० किलो. अंतरापेक्षा ते लाकूड लागवडीतले की जंगलातले, यालाच जास्त महत्त्व आहे. आपल्याच राज्यातला बल्लारपूर-आलापल्लीचा साग वनखात्याच्या आणि वन विकास महामंडळाच्या लिलावातून कायदेशीर मिळतो. दर्जाला तो उत्तम, फक्त महाग.

मुलीच्या मुद्द्याकडे येतो, कारण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. लोखंड खरोखरच पुन्हा वितळवता येते, आणि भंगारवाला ते दारातून पैसे देऊन नेतो. लाकडाचे असे होत नाही. पण तुम्ही आज विकत घेणार ते लोखंड भंगारातून आलेले आहे का, हा वेगळा प्रश्न. सांगाड्याला वापरतात ते चौकोनी पाइप पट्टी वळवून केलेले असतात, आणि ती पट्टी बहुतेक मोठ्या कारखान्यांतली, खनिजापासून केलेली. अँगल आणि सळई छोट्या रोलिंग मिलची असू शकते. जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवूनच सळई होते, पण भंगार पुरत नाही म्हणून त्यात स्पंज आयर्न मिसळतात, आणि तो पुन्हा कोळशावरचा. जगात भंगार जेवढे निघते तेवढे आधीच वापरले जाते. तुम्ही जास्तीचे लोखंड मागितले की ती मागणी शेवटी खाणीपर्यंतच जाते.

आणि खाण म्हणजे झाडतोड नाही, असे तिला वाटत असेल तर तिला गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीबद्दल वाचायला सांगा. एटापल्ली तालुक्यातली ती टेकडी जंगलाने भरलेली होती. लांब कशाला, सिंधुदुर्गात रेडी आहे, कळणे आहे, आणि पलीकडे गोव्यात खाणींनी नद्यांची आणि शेतांची काय स्थिती केली म्हणून २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खाणकाम थांबवावे लागले, हे आपण जवळून पाहिले. भट्टीतून एक टन पोलाद काढायला साधारण १.४ टन खनिज आणि पाऊण टनाहून जास्त कोळसा लागतो. ते खोदताना वरची माती आणि रान आधी जाते. वासा बघितला की झाड आठवते. पाइप बघून डोंगर आठवत नाही, एवढाच फरक आहे.

एवढ्यावरून मी ‘लोखंड वाईट’ म्हणणार नाही. साडेसहा टन कार्बन डायऑक्साइडचा हा सांगाडा शंभर वर्षे टिकला तर हिशेब बरा बसतो. पण तुमचे घर समुद्रापासून दोन किलोमीटरवर आहे, आणि माझ्या अनुभवात लोखंड तिथेच हरते.

माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात किनाऱ्याजवळच्या एका घराचे संपूर्ण छप्पर मी अँगलचे केले. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर ऑइल पेंटचे दोन. घरमालक मुंबईत, घर वर्षातले दहा महिने बंद. नवव्या वर्षी बोलावणे आले. मधले अँगल ठीक होते, पण वेल्डिंगच्या जागा आणि भिंतीत रुतवलेली टोके पापुद्र्यासारखी सुटत होती. वेल्डिंग करताना आजूबाजूचा गंज नीट घासला गेला नव्हता, आणि चिऱ्याच्या भिंतीतली ओल टोकांना सतत लागत होती. त्या घरातून उतरवलेले ऐनाचे वासे साठ वर्षांचे होते आणि मी ते जळणाला जाऊ दिले होते. ते काम मी पदरमोड करून पुन्हा केले, पण ते वासे काही परत आले नाहीत. तेव्हापासून लाकूड उतरवण्याआधी मी दहा वेळा तपासतो.

जस्ताच्या लेपाचे गणितही बघा, कारण ‘जीआय आहे, गंजत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. बाजारातल्या हलक्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन झिजते, अगदी लाटांच्या तोंडावर त्याहून जास्त. म्हणजे नुसता असा पत्रा दोन-चार वर्षांत उघडा पडतो. २७५ ग्रॅमचा घेतला तर पाच ते नऊ वर्षे. वरचा रंग चांगला असेल तर हे आयुष्य बरेच वाढते, पण कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोके यांना रंगाचे संरक्षण नसते. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. पत्र्याच्या वरच्या बाजूचे मीठ पाऊस धुऊन काढतो, खालच्या बाजूचे तसेच साचते. म्हणून आमच्याकडे पत्रा बऱ्याचदा आतून सडतो आणि वरून चांगला दिसत राहतो. लोखंडच वापरायचे असेल तर तयार सांगाडा जस्ताच्या कढईत बुडवून घ्यावा. दोन ते पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर तसा लेप चौरस मीटरला किमान ४६० ग्रॅम एका बाजूने बसतो, म्हणजे चौसष्ट मायक्रॉन. तो तुमच्या हवेत पंधरा ते तीस वर्षे जाईल. पण मग सांगाडा नटबोल्टचा हवा, कारण बुडवल्यानंतर वेल्डिंग केले की तिथला लेप जळून जातो. गावातला फॅब्रिकेटर याला सहसा तयार नसतो.

पंचवीस वर्षांनी सांगाडा बदलावा लागला, तर पाऊणशे वर्षांत साडेसहाचे साडेएकोणीस टन होतात. तुमच्या आजोबांचे लाकूड तेवढा काळ एकदाच वापरून उभे आहे.

पत्र्याबद्दल आणखी एक हिशेब, तो बांधकामाचा नाही, राहण्याचा. कौल आणि खालच्या रिपा यांच्यातून हवा खेळते, माळा असेल तर त्याखालची खोली मे महिन्यातही सुसह्य असते. पत्रा दुपारी तापतो आणि उष्णता सरळ खाली टाकतो. मग फॉल्स सीलिंग येते, आणि पाठोपाठ एसी. दीड टनाचा एसी दिवसाला सात-आठ युनिटे घेतो, आपल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे कोळशामुळे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो. वर्षातले शंभर दिवस एक एसी चालला तर पाचशे-साडेपाचशे किलो झाले. बारा-तेरा वर्षांत ते पूर्ण लोखंडी सांगाड्याएवढे भरते. कौले शाबूत असतील तर ती काढून पत्रा घालण्याचे मला एकही पर्यावरणीय कारण दिसत नाही. फुटलेली बदलायला पडक्या घरांची जुनी कौले गावातच मिळतात. फक्त खोबण जुळते का ते बघून घ्या, कारण कारखान्याप्रमाणे साचे वेगळे असतात.

आता तपासणी. हे तुम्ही स्वतः करू शकता, आणि कोणालाही काम देण्याआधी करावेच. भर दिवसा माळ्यावर चढा, बरोबर छोटी हातोडी, जाड टोचा आणि खडू घ्या. प्रत्येक वासा तीन ठिकाणी ठोका: आढ्याजवळ, मध्ये आणि भिंतीजवळ. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोकळ झालेले बद्द वाजते. शंका आली तिथे टोचा दाबा. दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर काळजी नको. अर्धा इंच सहज आत गेला तर खडूने फुली मारा. वरून काळा आणि खडबडीत दिसतो म्हणून वासा बाद करू नका. सत्तर वर्षांचा धूर आणि धूळ त्यावर असते, आत गाभा पिवळा-तांबूस निघतो. उलट वरून गुळगुळीत आणि रंग दिलेला वासा वाळवीने आतून पोखरलेला असू शकतो.

माझा अनुभव असा की सडणे जवळजवळ नेहमी दोन ठिकाणी असते: भिंतीवर टेकलेली टोके आणि फुटक्या कौलाखालचा पट्टा. मधले आठ-दहा फूट धडधाकट असतात. अशा वाशाचे खराब टोक दीड-दोन फूट कापून तिथे नवा तुकडा तिरकस सांध्याने जोडता येतो, दोन्ही बाजूंनी फळ्या लावून आरपार बोल्ट मारायचे. हे करू शकणारे सुतार कमी होत आहेत, पण अजून आहेत. वयस्कर माणूस शोधा आणि त्याच्या हाताखाली एक तरुण लावा. जिथे मी असे काम केले, तिथे पाचवा ते तिसरा हिस्साच लाकूड बदलावे लागले. तुमच्या घरात तिसरा हिस्सा धरला तरी ३५ घनफुटांच्या आत काम होते. नव्या लाकडाचा भार तीनेकशे किलो कार्बन डायऑक्साइड, आणि जुन्यातले दोन टन जागच्या जागी राहतात. साडेसहा टनांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

लाकूड कोरडे आणि हवेशीर राहिले तर किती टिकते, हे बघायला कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन वर मान करा. तिथल्या छताला बसवलेल्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षांच्या आहेत. वर अखंड कातळ, पावसाचा थेंब नाही. तुमच्या छपराला तसा कातळ नाही आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे, म्हणून दरवर्षी शाकारणी करायची. पूर्वी ती न चुकता व्हायची. कौले फिरवली जायची, फुटलेली बदलली जायची, वाळवीची माती झाडली जायची. घरे बंद पडली, शाकारणी थांबली, आणि दोष लाकडावर गेला. एक फुटके कौल तीन पावसाळे तसेच राहिले की खालचा वासा जातो.

वाळवीबद्दल घाबरू नका. ती जमिनीतून येते आणि भिंतीवर मातीची नळी करत वर चढते. पडवीत नळी कुठून निघते ते शोधा. तिथे जमिनीवर साठवलेले जळण किंवा गवत हमखास असते. ते हलवा, भिंतीच्या पायथ्याशी उपचार करून घ्या आणि नवी टोके बसवण्याआधी बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून ठेवा. छपराखाली, पावसापासून दूर असलेल्या लाकडाला ते पुरेसे आहे आणि माणसांना त्याचा त्रास कमी. टोक भिंतीत सिमेंटने लिंपून टाकू नका. खाली दगडी तुकडा द्या आणि बाजूंना बोटभर फट राहू द्या. बाजारात हिरवट झाक असलेले, तांबे-क्रोम-आर्सेनिक दाबून भरलेले लाकूडही मिळते. ते टिकते, पण त्याचे उरलेले तुकडे चुलीत गेले तर धुरात आणि राखेत आर्सेनिक जाते. ज्या घरात पाणी अजून चुलीवर तापते, तिथे मी ते आणूच देत नाही.

बदलायचे लाकूड कुठून घ्यावे, याचा माझा क्रम सांगतो. आधी पाडकामाचे जुने. मुंबईच्या चाळी आणि पुण्याचे वाडे पडतात तेव्हा त्यातला साग विकला जातो. खिळे काढायची मेहनत आहे, पण लाकूड मुरलेले असते आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. मग स्वतःच्या बागेत वठलेला किंवा वादळात पडलेला फणस, अर्थात परवानगी घेऊन. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर कोकणात असे कितीतरी चांगले लाकूड अंगणात कुजले, याची मला आजही हळहळ वाटते. त्यानंतर सामाजिक वनीकरणात कातळांवर लावलेले आकेशिया. त्याचा गाभा कठीण असतो, पण ते सुकताना पिळते, म्हणून लांब वाशांना नाही, रिपा आणि छोट्या तुकड्यांना. पडवीसाठी सिंधुदुर्गातला माणगा बांबू नीट प्रक्रिया करून वापरता येतो. तो भरीव असतो, सरळ वाढतो, आणि तोडल्यावर बेटातून पुन्हा कोंब येतात. रानातल्या तोडीचे ताजे ऐन-किंजळ माझ्या यादीत नाही.

लोखंड मी कुठे घालतो? तपासणीत निम्म्याहून जास्त लाकूड गेलेले निघाले आणि खात्रीचे लाकूड मिळत नसेल, तर घालतो. मधला खांब काढून मोठा हॉल करायचा असेल आणि वीस फुटांची तुळई हवी असेल, तरीही. एवढ्या लांबीची फणसाची किंवा सागाची तुळई म्हणजे एक मोठे जुने झाड, आणि एका तुळईसाठी ते पाडावे असे मला वाटत नाही. तिथे एक लोखंडी तुळई, शक्य तर भंगारातून निवडून घेतलेली जुनी, आणि तिच्यावर तुमचेच वासे. जुन्या घरांत रेल्वेचे रूळ असेच वापरलेले सापडतात. अशी मिश्र छपरे मी बरीच केली आहेत आणि तुमच्याकडेही बहुधा तेच निघेल. शिवाय घर वर्षभर बंद राहणार असेल आणि शाकारणीला कोणीच नसेल, तर मला विचार बदलावा लागेल. लाकूड माणसाचा हात मागते. गावात वर्षातून दोनदा चढून बघणारा कोणी आहे का, हे मला नक्की कळवा.

खिडक्या अॅल्युमिनियमच्या करायच्या का, असेही तुम्ही विचारले आहे. नको. खनिजापासून एक किलो अॅल्युमिनियम काढायला १४-१५ युनिटे वीज जाते, आणि आपल्याकडे ती बहुतेक कोळशाची. जुन्याचे नवे करायला याच्या विसाव्या भागाएवढीच ऊर्जा लागते, पण दुकानात तुम्हाला कोणते मिळाले हे कळायला मार्ग नसतो. तुमच्या लाकडी झडपा बिजागऱ्या बदलून आणि खालची पट्टी नवी लावून आणखी तीस वर्षे जातील.

काम मार्चमध्ये काढा, एप्रिलअखेर कौले परत चढली पाहिजेत. सुताराला आधी बांधून ठेवा, मेमध्ये तो मिळत नाही. कौले उतरवताना प्रत्येक पाख्याची (छपराच्या उताराच्या बाजूची) थप्पी वेगळी लावायला सांगा आणि वाशांवर चुन्याने क्रमांक घाला, म्हणजे प्रत्येक वासा आपल्या जागी परत जातो. टोचून झाल्यावर फुल्यांची संख्या आणि भिंतीजवळच्या टोकांचे फोटो पाठवा. किती घनफूट लागेल ते मी काढून देईन.